नाव नसलेला वीर

प्रिय बाळा,

आजोबांनी गावच्या देवळामागच्या दगडाचा फोटो पाठवला आणि म्हणाले, हा वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या आपल्या गावच्या वीराच्या आठवणीचा दगड. तू लगेच विचारलंस, "त्यावर नावच नाही, मग तो हीरो कसा?" फोनवर घाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली बहुतेक वेळा माणूस आडवा पडलेला असतो, कधी त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतात. त्याच्या वर लढाई. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो.

गाई कशाला? गावावर धाड पडली की लुटारू गुरं हाकून न्यायचे. गुरं गेली की दूध गेलं, नांगरट गेली, पुढच्या वर्षीचं धान्य गेलं. अशा वेळी जो त्यांच्यामागे धावला तो राजाचा सरदार असेलच असं नाही. साधा गुराखीही असेल. तो मेला. मला या दगडांत सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, की आपला माणूस पडलेला दाखवायला गावाला लाज वाटली नाही. तो जिंकला का, हे कुणी मोजलं नाही. तो आपल्यासाठी गेला, एवढं त्यांना पुरलं. आणि ज्यांनी दगड उभा केला त्यांना तो कोण हे ठाऊकच होतं, नाव कुणासाठी कोरायचं?

आता नाव ठाऊक असलेल्या एकाचं सांगते. तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातले, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी अतिरेक्यांची गाडी अडवली. ओंबळ्यांच्या हातात फक्त लाठी होती. समोरच्याने बंदूक उचलली तेव्हा त्यांनी तिची नळीच धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांना लागल्या. मागचे सहकारी वाचले आणि तो अतिरेकी, कसाब, जिवंत पकडला गेला, म्हणून पुढे त्याच्यावर खटला चालू शकला. 2009 मध्ये ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते योग्यच झालं, पण ते वीर ठरले ते त्या रात्री, मागे उभ्या असलेल्या माणसांच्या जिवामुळे.

शाळेत डबा संपवला तरी 'हीरो' म्हणतात. कौतुक म्हणून ते छानच आहे. गाव मात्र असं सहज म्हणत नसे.

मग मेल्याशिवाय हीरो होताच येत नाही का, असं तू आता विचारशील. येतं. मला वाटतं, जे परत आले नाहीत त्यांचेच दगड उभे राहिले, कारण परत आलेल्यांचे आभार समोरासमोर मानता येत होते. आग, पूर, अपघात यांतून लोकांना काढून घरी परतलेली कितीतरी माणसं आहेत, आणि तूही कधी धावलास तर घरी परत यावंस असंच मला वाटतं.

बोरिवलीला एकसर गावात काही वीरगळ आहेत, त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. मुंबईला गेलो की बघू, आणि वाचून तू मला सांग.

तुझी आई