खात्यात पैसे येतात, पण हातात येत नाहीत

वाचकांचे प्रश्न

ताई, नमस्कार.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, स्लाऊमध्ये एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. 2006 साली सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर इंग्लंडला आलो, 2014 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. पाच वर्षांपूर्वी बायपोलरचं (मनःस्थिती टोकाची चढते-उतरते तो आजार) निदान झालं. नोकरी गेली, लग्नही मोडलं. आता युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी भत्ता) आणि पिप (अपंगत्वाचा भत्ता) यावर माझं चालतं. भाड्याचा भाग थेट घरमालकाला जातो, तरी वर मला 140 पौंड घालावे लागतात. त्याशिवाय युनिव्हर्सल क्रेडिटचे 823 पौंड महिन्याच्या 12 तारखेला आणि पिपचे 295 पौंड दर चार आठवड्यांनी येतात.

माझ्या खात्याला 1,600 पौंडांचा ओव्हरड्राफ्ट आहे. नोकरी होती तेव्हा बँकेने आपण होऊन दिला होता, तेव्हा कधी लागलाच नाही. आता 12 तारखेला पैसे आले की खातं उणे सोळाशेवरून उणे आठशेवर येतं आणि महिनाअखेर पुन्हा उणे सोळाशे. शून्याच्या वर गेल्याला तीन वर्षं झाली. व्याजाचे दर महिन्याला 38 ते 44 पौंड कापतात. शिवाय क्रेडिट कार्डाचे 3,900 (त्यातले बरेचसे एका चढत्या काळातले, मी रात्री तीनला बसून कॅमेरा आणि लेन्स मागवल्या होत्या), कौन्सिल टॅक्सची (स्थानिक घरकराची) थकबाकी 430 आणि मंडळातल्या एका मित्राचे हातउसने 500 देणं आहे.

बँकेची तीन पत्रं आली आहेत, मी उघडून पुन्हा पाकिटात घातली. फोन वाजला की छातीत धडधडतं. फेब्रुवारीत तीन आठवडे मानसिक आजाराची क्रायसिस टीम रोज घरी येत होती, आता महिन्यातून एकदा नर्स भेटते. तिला पैशांचं काही सांगितलेलं नाही.

आई तासगावला आहे. वडील 2019 मध्ये गेले. तिला मी महिन्याला 70 पौंड पाठवतो, म्हणजे आठ हजार रुपये. मला नोकरी नाही हे तिला माहीत नाही. बहीण मिरजेला असते, तिला अर्धं माहीत आहे.

यातून बाहेर पडता येतं का? आणि हे मंडळात कुणाला कळेल का?

— एक वाचक, स्लाऊ

उत्तर

भाऊ, बाहेर पडता येतं. मी गेली चौदा वर्षं लेस्टरमध्ये कर्जसल्ल्याचं काम करते, त्याच्या आधी मी स्वतः त्यात होते. 2004 मध्ये धाकट्याच्या जन्मानंतर मला नैराश्य आलं. बँकेची पाकिटं मी तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीत तळाशी सरकवून ठेवायची, कारण ती पिशवी घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नसे. तेव्हा एक डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापली जाणारी रक्कम) परत गेलं की तीस-पस्तीस पौंडांचा दंड बसायचा, आणि त्या दंडामुळे पुढचं डेबिट परत जायचं. म्हणून तुम्ही पत्रं उघडलीत आणि पुन्हा पाकिटात घातलीत, एवढं वाचूनही मला बरं वाटलं. मी तर उघडतही नव्हते.

एवढे मोठे दंड आता बहुतेक गेले. एप्रिल 2020 पासून बँकांना ओव्हरड्राफ्टवर रोजचं किंवा महिन्याचं ठरावीक शुल्क लावता येत नाही, एकच वार्षिक व्याजदर सांगावा लागतो. पण बहुतेक मोठ्या बँकांनी तो दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. 39.9 टक्क्यांनी 1,500 पौंड महिनाभर उणे राहिले तर सुमारे 42 पौंड व्याज होतं, वर्षाला पाचशेच्या वर. मुद्दलातला एक पौंडही न फिटता. तुम्ही उधळे आहात म्हणून हे घडत नाही. जगायला म्हणून आलेले पैसे ज्या खात्यात पडतात तिथेच खड्डा आहे, आणि पैसे आधी तो खड्डा भरतात.

त्यामुळे पहिलं काम बँकेशी बोलण्याचं नाही. पहिलं काम दुसऱ्या बँकेत खातं उघडण्याचं. वेगळ्याच बँकेत, तिच्याच समूहातल्या बहीण-बँकेत नाही, कारण एकाच बँकेत एका खात्यात पैसे आणि दुसऱ्यात कर्ज असेल तर बँक ते वळते करून घेऊ शकते. 'बेसिक बँक अकाउंट' असं नाव घेऊन मागा. मोठ्या बँकांवर ते देण्याचं कायदेशीर बंधन आहे, त्याला शुल्क नसतं आणि ओव्हरड्राफ्ट तर नसतोच. पासपोर्ट आणि युनिव्हर्सल क्रेडिटचं पत्र बरोबर न्या. काउंटरवर 'आम्ही स्विच करून देतो' असं म्हणाले तर नको म्हणा, कारण पूर्ण स्विचमध्ये जुनं खातं बंद होतं आणि उणे रक्कम आधी फेडावी लागते. तुम्हाला जुनं खातं तसंच ठेवून फक्त पैशाची वाट बदलायची आहे. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात बँकेचा तपशील तुम्हीच बदलू शकता. पिपसाठी वेगळा फोन करावा लागतो, एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. विजेचं आणि घरमालकाच्या 140 चं डेबिटही नव्या खात्यावर घ्या. हे सगळं एका दिवसात करू नका. एक दिवस, एक काम.

खातं उघडायला वेळ लागला आणि 12 तारीख आली, तर जुन्या बँकेला आधी लेखी कळवा की येणारी ही रक्कम भाडं, वीज आणि जेवणासाठी आहे, ती त्यासाठीच वापरावी. असं सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

आता ती तीन पत्रं. वारंवार ओव्हरड्राफ्टमध्ये राहणारे ग्राहक शोधून त्यांच्याशी संपर्क साधणं ही बँकांवर नियामकाने घातलेली जबाबदारी आहे, आणि बहुधा ती पत्रं त्यातलीच असतील. पुढच्या भेटीत ती नर्सच्या हातात द्या. तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सर्वात जास्त लागलं ते हे, की तिला पैशांचं काही सांगितलेलं नाही. झोप किती, गोळ्या वेळेवर का, हे ती विचारते ना? रात्री तीनला मागवलेला कॅमेरा हा त्याच आजाराच्या नोंदीतला भाग आहे. तो तिच्या कागदावर असायला हवा, कारण आपल्याला तोच कागद लागणार आहे. 'डेट अँड मेंटल हेल्थ एव्हिडन्स फॉर्म' नावाचा एक फॉर्म असतो. तुमच्या संमतीने नर्स किंवा जीपी (फॅमिली डॉक्टर) तो भरतात आणि आजाराचा पैशांच्या व्यवहारावर काय परिणाम होतो ते लिहितात. इंग्लंडमध्ये 2019 पासून जीपीने त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. हा फॉर्म हातात असला की व्याज थांबवा, फोन करू नका, लिहूनच कळवा, अशा मागण्यांना वजन येतं. दीर्घकाळचा मानसिक आजार 2010 च्या इक्वालिटी ॲक्टखाली अपंगत्व ठरू शकतो, आणि मग फोनऐवजी ई-मेल हा तुमचा हक्क म्हणून मागता येतो.

फेब्रुवारीत क्रायसिस टीम येत होती हे वाचून मी हळहळले. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे 2021 पासून 'ब्रीदिंग स्पेस' ही कर्जवसुली काही काळ थांबवणारी सोय आहे. (स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.) त्याचा मानसिक आजारासाठी खास प्रकार असा, की क्रायसिसचे उपचार चालू असेपर्यंत आणि त्यापुढे 30 दिवस सावकारांना व्याजही लावता येत नाही आणि वसुलीही करता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त मेंटल हेल्थ प्रोफेशनलने दाखला द्यावा लागतो. त्या तीन आठवड्यांत तुम्हाला तो मिळू शकला असता. देव करो आणि पुन्हा तशी वेळ न येवो, पण आलीच तर काय विचारायचं हे आजच नर्सला सांगून ठेवा. तुमच्या केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. साधा ब्रीदिंग स्पेस तुम्हाला आत्ताही मिळू शकतो. तो 60 दिवसांचा असतो, कर्ज सल्लागारामार्फत घ्यावा लागतो आणि त्याची नोंद लोकांना पाहता येत नाही.

सल्ल्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन यांच्याकडे जा, सगळे मोफत आहेत. पैसे घेऊन कर्जमुक्ती देतो म्हणणाऱ्या जाहिरातीच्या वाटेला जाऊ नका. (व्हिसावर असलेल्या आणि बेनिफिट्स न मिळणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं: कर्जाचा सल्ला घेणं म्हणजे सरकारी मदत घेणं नव्हे.)

तुमच्या आकड्यांची बेरीज मी केली, ती 6,430 पौंड होते. एवढ्या उत्पन्नावर हे फेडत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'डेट रिलीफ ऑर्डर' अशाच माणसांसाठी आहे. पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज, महिन्याचे खर्च भागून उरणारी रक्कम 75 पौंडांपर्यंत आणि मालमत्ता 2,000 पौंडांपर्यंत असेल तर ती मिळू शकते. एप्रिल 2024 पासून तिची 90 पौंडांची फीसुद्धा रद्द झाली आहे. बारा महिने सावकार तुमच्या मागे लागू शकत नाहीत, आणि तेवढ्यात परिस्थिती सुधारली नाही तर त्यातली कर्जं माफ होतात. कॅमेरा आज विकला तर काय येईल, तेवढीच त्याची किंमत धरतात.

मात्र अर्ज करण्याआधी तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, जी इथला सल्लागार कदाचित विचारणार नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का? तासगाव म्हटलं की मला द्राक्षबाग आठवते, म्हणून विचारते. आपल्याकडे तलाठ्याकडे वारस म्हणून आई, मुलगा, मुलगी अशी नावं लागतात आणि परदेशातल्या मुलाला ते नीट ठाऊकही नसतं. जमिनीत, घरात तुमच्या नावाचा हिस्सा असेल तर ती तुमची मालमत्ता आहे. मालमत्ता भारतात असली तरी ती मोजली जाते, आणि दहा गुंठ्यांचा वाटासुद्धा 2,000 पौंडांच्या वर जाईल. लपवणं हा गुन्हा आहे. घाईघाईने बहिणीच्या नावे हक्कसोड करून देणं त्याहून वाईट, कारण अर्जाआधीच्या दोन वर्षांत मालमत्ता फुकट किंवा कमी किमतीत दिली असेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. बहिणीला महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहायला सांगा, आणि गावातल्या घराचा उताराही. नाव असेल तर हा मार्ग बहुधा बंद होईल, पण बाकीचे उरतात: एव्हिडन्स फॉर्म जोडून बँकेकडे आणि कार्ड कंपनीकडे व्याज थांबवण्याची, अगदी कर्ज माफ करण्याचीही लेखी विनंती करणं, आणि झेपेल तो हप्ता बांधून घेणं. आजार बरा होण्यासारखा नसेल आणि उत्पन्न वाढण्याची शक्यता नसेल, तर कर्ज सोडून देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

मित्राच्या पाचशेंचंही असंच. 'निदान त्याचे तरी आधी देऊन टाकतो' असं मन म्हणेल, माझंही म्हणालं असतं. पण ऑर्डर घ्यायची असेल तर सगळी देणी यादीत यावी लागतात, आणि एकालाच आधी फेडलं तर ते पक्षपाती ठरतं. त्याला आत्ता काही देऊ नका, आणि का देत नाही तेही लपवू नका.

म्हणजे मंडळात कळेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. त्या मित्राला कळेल. बाकी कुणाला पत्र जात नाही. ऑर्डर चालू असताना आणि संपल्यावर तीन महिने तुमचं नाव सरकारी इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवर (दिवाळखोरीच्या नोंदवहीत) असतं, ते कुणीही शोधू शकतं, पण मुद्दाम शोधावं लागतं. क्रेडिट रेकॉर्डवर सहा वर्षं राहतं. तीन वर्षं उणे खात्यात काढल्यावर ते रेकॉर्ड आत्ताही चांगलं नसेल.

देण्यांपैकी कौन्सिल टॅक्सचे 430 सगळ्यात आधी हाती घ्या, ओव्हरड्राफ्टच्याही आधी. बँकेकडे तुम्हाला तुरुंगात टाकण्याची किंवा घराबाहेर काढण्याची ताकद नाही. कौन्सिल मात्र बेलिफ, म्हणजे वसुलीसाठी दारात येणारी माणसं, पाठवते. युनिव्हर्सल क्रेडिट मिळालं म्हणून कौन्सिल टॅक्सची सवलत आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज लागतो. तुम्ही केला आहे का? शिवाय 'सिव्हिअर मेंटल इम्पेअरमेंट' (गंभीर मानसिक अक्षमता) या कारणाने एकट्या राहणाऱ्या माणसाचा कर पूर्ण माफ होऊ शकतो. बायपोलर असलेल्या प्रत्येकाला ते लागू होत नाही, डॉक्टरचा दाखला लागतो, पण विचारून पाहा. औषधांचे पैसे भरता का? इंग्लंडमध्ये एका औषधाचे 9.90 पौंड होतात. युनिव्हर्सल क्रेडिटवर असून कमाई काहीच नसेल तर ते माफ असतात, तरी भरत राहिलेली माणसं माझ्याकडे येतात.

राहिली आई. सल्लागार तुमच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता करेल, त्यात तिचे 70 पौंड मान्य होतीलच असं नाही, आणि आत्ता ते चाळीस टक्के व्याजाने काढून जातात. पण मी तुम्हाला ते बंद करा असं आज सांगणार नाही. सातबाऱ्यासाठी बहिणीला फोन करावाच लागणार आहे. त्याच फोनमध्ये तिला उरलेलं अर्धं सांगा, आणि आईला या आठ हजारांतलं खरोखर किती लागतं ते विचारा. माझ्या आईने मी पाठवलेले सगळे पैसे पोस्टात माझ्याच नावाने ठेवले होते. मला ते ती गेल्यावर पासबुक हातात आलं तेव्हा कळलं.

नवं खातं उघडलं की मला कळवा.