चौथी सीट आणि रक्त देणाऱ्या काकू

डोंबिवलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. सकाळच्या डोंबिवली स्लोला लेडीज डब्यात हिचा अकरा वर्षांचा ग्रुप, वाढदिवस, हळदीकुंकू सगळं ट्रेनमध्येच. मागच्या आठवड्यात मुंब्र्याला बुरखा घातलेली एक कॉलेजची मुलगी चढली, चौथ्या सीटसाठी, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला चौथी टेकते त्या जागेसाठी, "थोडं सरकता का" म्हणाली. तर ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, "तुम्हा लोकांना सगळीकडे घुसायचंच असतं, पाकिस्तानात जा, तिथे विंडो मिळेल." बायका हसल्या. कोणीतरी स्कार्फ ओढला, मोती लावलेली पिन खाली पडली, आणि मुलगी एक शब्द न बोलता कळव्यालाच उतरून गेली. पिन हिने उचलली, ती अजून पर्समध्ये आहे. ह्याच काकूंनी हिच्या आईच्या ऑपरेशनला रक्त दिलेलं. नवरा म्हणतो रोज त्याच गाडीने जायचंय, गप्प बस. मावशी, मी काय करू?

अगं, बायका हसल्या असं लिहिलंस, तू हसलीस का ते लिहिलं नाहीस. असो, मी विचारत नाही.

चौथ्या सीटचा राग मला माहितेय, मी वीस वर्षं सेंट्रलला लोंबकळलेय. पण दिव्याच्या बायका डाऊन करून, म्हणजे आधी उलट्या दिशेच्या गाडीने मागे जाऊन, सीट पकडून येतात तेव्हा आपण काय म्हणतो, "ह्या दिव्याच्या बायका ना!" झालं, तिथेच संपतं, त्यांना कोणी देश सोडायला सांगत नाही. म्हणजे त्या दिवशीचा राग सीटचा नव्हताच. आणि मुंब्र्याला एवढी गर्दी कुठून आली म्हणशील तर 92-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान घरं तिकडे राहायला गेली, ती काय हौसेने गेली? आमच्या गल्लीतला बेकरीवाला तेव्हाच गेला. मी दुसऱ्या दिवसापासून पाव नाक्यावरून आणायला लागले, तो कुठे गेला हे विचारलंसुद्धा नाही. म्हणून तुला नावं ठेवायचा मला काही हक्क नाहीये.

पण गप्प बस हे मी नाही सांगणार. 2024 च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून येणाऱ्या गाडीत बीफच्या संशयावरून एका म्हाताऱ्या माणसाला मारलं, मारणारी पोरं पोलीस भरतीला निघालेली, व्हिडिओ तू पण बघितला असशील. मला त्यात मारणाऱ्यांपेक्षा आजूबाजूला बसलेली माणसं जास्त आठवतात.

परत असं झालं तर भाषण देऊ नकोस, भाषणाने डब्यात फक्त आवाज वाढतो. तू उठ, आणि त्या मुलीला म्हण, "ये, इथे बस." मग तिच्याशी बोलत राहा, कुठलं कॉलेज, परीक्षा कधी, काहीही, काकूंकडे बघूच नकोस. कोणी हात लावला तर मात्र 139 नाहीतर 1512 ला फोन लाव, पहिला रेल्वेचा नंबर, दुसरा रेल्वे पोलिसांचा. तक्रार करायची का हे तिला विचार, तू परस्पर ठरवू नकोस, तिला परत त्याच गाडीने यायचंय आणि घरी पण सांगायचंय. करायची म्हणाली तर सोबत जा, साक्षीदार म्हणून नाव दे. आमची हद्द नाही म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत, झीरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात होतो. व्हिडिओ काढलास तर पोलिसांना दे, ग्रुपवर टाकू नकोस, त्यात तिचा चेहरा असतो गं.

आता काकू. त्यांना डब्यात सगळ्यांसमोर काही बोलायला गेलीस तर त्या चिडतील, बाकीच्या त्यांच्या बाजूने होतील आणि तू एकटी पडशील. रविवारी घरी जा. त्या म्हणतील तुला काय माहिती हे लोक कसे असतात, मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे तीन व्हिडिओ दाखवतील. तू त्या वादात शिरूच नकोस, फक्त एवढंच म्हण की काकू, ती पोर माझ्या भाचीएवढी होती, तिने तुमचं काय केलेलं? आणि पिन काढून टेबलावर ठेव.

कदाचित त्या पुढचे चार महिने तुझ्याशी बोलणार नाहीत. ग्रुप सुटला तर सुटला, पुढच्या डब्यात चढ, तिथेही हळदीकुंकू होतंच. नवऱ्याला सांग, गाडी तीच आहे, डबा बदललाय.

आणि हो, जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आईसाठी रक्त दिलंय त्यांनी. चितळ्यांची बाकरवडी ने, नाहीतर घरचं काहीतरी.