धाकट्या बहिणीचं दर २१ दिवसांचं पेनिसिलीनचं इंजेक्शन आता बंद केलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय ते असं: बहिणीला ११व्या वर्षी सांधे सुजून ताप आला (ऱ्हुमॅटिक फीवर), एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या मायट्रल झडपेतून थोडी गळती दिसली, तेव्हापासून पेनिड्युर, म्हणजे हेच पेनिसिलीनचं इंजेक्शन, चालू. आता ती १९ची. जिने चढताना दम लागत नाही, एएसओ ही रक्ततपासणी नॉर्मल आली, घरात स्थळं बघायला लागलेत आणि ओळखीच्या कुणीतरी ‘रक्त नॉर्मल आहे, आता सुया कशाला’ म्हणून सांगितलंय. शिवाय प्रत्येक इंजेक्शननंतर ती दोन दिवस लंगडते.

बंद करू नका. ‘रक्त नॉर्मल’ वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी सिस्टर आहे, हे इंजेक्शन देणं माझं रोजचं काम. लंगडण्याबद्दल तर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या मते ही इंजेक्शनं सुटतात ती टोचणाऱ्याच्या हातामुळे, आणि नाव बदनाम होतं औषधाचं.

आधी एएसओ. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू येऊन गेला की त्याच्या एका विषाविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं, तिचा हा आकडा. एक-दोन आठवड्यांत वाढायला लागतो, तीन ते सहा आठवड्यांत टोकाला जातो, मग महिनोन् महिने हळूहळू उतरतो. जंतू अलीकडे येऊन गेला, एवढंच त्याला कळतं. झडपेचं काय झालंय, ताप उलटेल का, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. शाळेत जाणाऱ्या धडधाकट पोरांचाही तो वाढलेला सापडतो. बहिणीचा नॉर्मल असेल तर इतकंच समजा की हल्ली जंतूची मोठी गाठ पडलेली नाही, आणि त्यात या इंजेक्शनचा वाटा आहे. कुंपणामुळे गुरं शिरली नाहीत, तर ‘गुरं कुठं येतात’ म्हणून कुंपण उपटायचं का? याची उलटी बाजूही तितकीच वाईट. पोराचे पाय दुखतात, एएसओ ४०० आला, एको नाही, हृदयाला नळी लावून ऐकलेलं नाही, आणि लावली दर २१ दिवसांची सुई. एका कागदावरून सुरू करणारे आणि त्याच कागदावरून बंद करणारे, दोघेही मला सारखेच.

हा ऱ्हुमॅटिक ताप जंतू थेट करत नाही. जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन आणि आपल्या हृदयातली काही प्रथिनं यांत साम्य असतं. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आपलीच फौज चुकून स्वतःवर उलटते. सांधे टम्म सुजतात, आज गुडघा तर परवा घोटा, ॲस्पिरिन दिलं की दोन दिवसांत उतरतात आणि मागे काही ठेवत नाहीत. झडपेचं तसं नाही. हा आजार सांधे चाटतो आणि हृदय चावतो, असं वैद्यकातलं जुनं वाक्य आहे, त्याहून नेमकं मला सांगता येणार नाही. आणि ज्याला एकदा झाला त्याला पुढच्या घसादुखीत पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येक फेरीत झडपेवर नवा व्रण. मायट्रल झडपेचं तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं. कडा चिकटत गेल्या की ते माशाच्या तोंडासारखं होतं, आणि १.५च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला गंभीर म्हणतात. आज बहिणीची झडप थोडी गळतेय. ती तेवढ्यावरच राहावी, कदाचित सुधारावीही, यासाठी ही सुई आहे. आठ वर्षांपूर्वीच्या तापावरचं औषध नाही ते. पुढच्या घसादुखीसाठीचा पहारा आहे.

किती वर्षं? अमेरिकन हार्ट असोसिएशनचा हिशोब असा: हृदयाला लागलंच नसेल तर शेवटच्या तापापासून ५ वर्षं किंवा वयाची २१, यांतलं जे नंतर येईल ते. हृदयाला लागलं पण मागे काही उरलं नाही, तर १० वर्षं किंवा २१. झडपेत दोष उरला असेल तर १० वर्षं किंवा वयाची ४०, आणि काहींना जन्मभर. भारतात सौम्य दोषाला काही डॉक्टर २५पर्यंत धरतात. बहिणीची ८ वर्षं झालीत. कुठलंही कोष्टक काढा, ती अजून बसत नाही. आणि वर्षं पहिल्या नाही, शेवटच्या तापापासून मोजायची. मध्ये पुन्हा ताप आला असेल तर घड्याळ तिथून सुरू. ताजा एको करून हृदयरोगतज्ज्ञांकडून ‘अमुक सालापर्यंत’ असं लिहून घ्या, म्हणजे ओळखीच्यांची तोंडं बंद होतील.

२१च दिवस का? १२ लाख युनिट दिल्यावर औषध स्नायूतून थेंबाथेंबाने रक्तात येतं. तीन आठवड्यांनंतर पातळी पडायला लागते आणि चौथ्या आठवड्यात बऱ्याच जणांत ती राखणदारीला पुरत नाही. काही देशांत २८ दिवस चालतात, आपल्याकडे गर्दी आणि घशाचे जंतू बघता २१ बरे. वर्षाला १७ सुया झाल्या. १७ वेळा जी पोर लंगडणार, ती अठराव्या वेळी येणार नाही. म्हणून सुईबद्दल.

हे औषध पाण्यात विरघळत नाही, तरंगतं. पांढरी पूड, पाणी घातलं की दाट दूध. ते तसंच ठेवलं की खाली बसतं आणि सुईच्या टोकाशी दह्यासारखं जमतं. घाईत हे होतं: पूड फोडून ठेवली, मधे फोन आला, परत येऊन निळ्या सुईने टोचलं, निम्मं गेलं आणि दट्ट्या अडला. मग जोर लावायचा, सिरिंजच्या तोंडातून सुई सटकायची आणि पांढरं पाणी चादरीवर. आता आत किती गेलं, कुणालाच माहीत नाही. पोर रडतेय, आई म्हणते पुन्हा नको. कागदावर मात्र ‘१२ लाख दिलं’ असं लिहिलं जातं. मी अशी चादर पाहिलीय, म्हणून सांगतेय.

असं करायचं. आधी वायल टिचक्या मारून पूड मोकळी करायची. पाणी ४ मिलीच्या आसपास, वायलच्या भिंतीवरून सोडायचं. दोन मिलीत कोंबलं की हमखास अडतं. मग दोन्ही तळव्यांत घोळवायचं, खळाखळा हलवलं तर फेस होतो आणि फेसात डोस मोजता येत नाही. घोळवण्याने ते कोमटही होतं, गार औषध जास्त दुखतं. जाड सुईने ओढायचं आणि टोचायला नवी सुई लावायची, २१ नंबरची, हिरव्या टोपीची. निळी, म्हणजे २३ नंबर, दया दाखवल्यासारखी वाटते, पण अडकते तीच. हवा आधीच काढून ठेवू नये, टोकावर आलेला थेंब वाळून तिथंच बूच बसतं. ओढल्यापासून टोचेपर्यंत मधे दुसरं काम नाही.

जागा: पेशंटला झोपवून, उभं करून कधीच नाही. कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चतकोर चालतो, पण मला बाजूची जागा आवडते, तिथं मोठी नस नाही. मांडीचं हाड जिथं बाहेर हाताला लागतं तिथं तळहात, तर्जनी कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडावर, मधलं बोट मागे फाकवायचं, दोन बोटांच्या फटीत सुई. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं की आग होते. आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाच-दहा सेकंद थांबायचं. दुधात लाल किंवा काळपट दोरा दिसला तर बाहेर, कारण हे औषध शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो. मग संथपणे, दोन-तीन मिनिटं, पण न थांबता. थांबलात की अडलं. निम्म्यात अडलंच तर जोर लावू नका, सिरिंजवर किती उरलंय ते वाचा, सुई काढा, नवी लावा, उरलेलं दुसऱ्या बाजूला द्या. पुढच्या वेळी बाजू बदला.

आता लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. पाण्यात अर्धा मिली लिग्नोकेन, ॲड्रेनलीन नसलेलं, मिसळलं की कळ बरीच कमी होते. एका डॉक्टरसाहेबांशी यावरून माझं अनेकदा वाजलंय. त्यांचं म्हणणं, हे नखरे आहेत, पेनिसिलीनला कोण भूल देतं. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या मुलांमध्ये हाच आजार आहे, तिथं लिग्नोकेनची सोय रीतसर ठेवलेली असते, शिवाय त्या जागी गार आणि थरथरणारं खेळणं धरतात. तिथल्या पोरांचे नखरे आणि आपल्या पोरांचं सोसणं, असा काही नियम आहे का? साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर माझं मत अजून तेच आहे. तुम्ही मात्र ते परस्पर मिसळायला सांगू नका, डॉक्टरांची लेखी ऑर्डर लागते आणि लिग्नोकेनची ॲलर्जी विचारून घ्यावी लागते.

पुष्कळ खासगी दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच नाही म्हणतात. भीती समजते, तयारी न ठेवणं समजत नाही. त्वचेवरची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही असं नसतं. खरी तयारी म्हणजे ट्रेमध्ये ॲड्रेनलीनची अँप्युल, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि पेशंट अर्धा तास नजरेसमोर. बहुतेक वेळा जे होतं ती नुसती भोवळ असते: चेहरा पांढरा, घाम, नाडी मंद. पाय वर करून झोपवलं की माणूस सावरतो. अंगावर गांधी, घरघर, ओठ सुजणं, नाडी जोरात पळणं, ही रिॲक्शन, तिथं आधी ॲड्रेनलीन, चर्चा नंतर. उपाशीपोटी आलेल्या पोरी जास्त भोवळतात. बहिणीला खाऊन, पाणी पिऊन पाठवा.

हे सगळं सौम्य दोषवाल्यांसाठी लिहिलंय, हे आधीच सांगायला हवं होतं. झडप खूप अरुंद झालेली, चालता दम लागणारा, हृदयाचं पंपिंग कमी झालेला पेशंट असेल तर सुईच्या कळेने आलेली भोवळही त्याला झेपत नाही, आणि अशा मृत्यूंवर रिॲक्शनचा शिक्का बसतो. २०२२मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशांना गोळ्यांचा विचार करायला सांगितलंय: पेनिसिलीन व्ही २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पेनिसिलीनची खरी ॲलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिन. गोळी सुईइतकी भरवशाची नाही, कारण ती विसरली जाते. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सिस्टरला टोचायच्या आधी सांगा, स्नायूत रक्त साकळतं.

लग्नाचं. लपवू नका, एवढंच माझं म्हणणं. गरोदरपणात रक्ताचं आकारमान ४० ते ५० टक्के वाढतं आणि नाडीही वाढते. ज्यांची झडप अरुंद आहे त्यांचा दम तेव्हा पहिल्यांदा उघडा पडतो, बऱ्याचदा सहाव्या-सातव्या महिन्यात, आणि सासरी कुणाला काही माहीत नसतं. थोडी गळती असलेल्या मुली साधारणपणे बाळंतपण नीट पार पाडतात, पण दिवस राहण्याआधी एको हवा. पेनिसिलीन गरोदरपणात चालतं, तेव्हाही सुई चुकवायची नाही. पुढेमागे फुग्याने झडप रुंद केली किंवा बदलली तरी सुई सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. ऑपरेशनने झडप दुरुस्त होते, घसा नाही.

तारखेचं सोपं आहे. २१ म्हणजे तीन आठवडे, त्यामुळे वार तोच येतो. सोमवारी घेतलं तर पुढचंही सोमवारी. कॉलेज, परीक्षा बघून तिला वार निवडू द्या, सुट्टीच्या आदल्या दिवशीचा निवडला तर लंगडायचं ते घरात लंगडेल. प्रवास असेल तर दोन दिवस आधी घ्या, नंतर नको. आणि पुढच्या वेळी गेलात की सुईची टोपी हिरवी आहे का, ते बघा.