एकटीने रत्नागिरी
प्रश्न : फेब्रुवारीत एकटीनेच रत्नागिरीला तीन दिवस जाण्याचा विचार आहे. मुक्काम शहरात करावा की गणपतीपुळ्याला?

उत्तर : शहरातच करावा, रेल्वे स्थानक शहराबाहेर असल्याने रिक्षाचे भाडे आधी ठरवून घ्यावे. एक अख्खी सकाळ थिबा राजवाड्यासाठी राखावी, कारण १८८५ साली पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या राजासाठी इंग्रजांनी १९१०च्या सुमारास उभारलेली ही वास्तू आणि १९१६ मध्ये याच शहरात झालेला त्याचा अंत समजून घेतल्याशिवाय रत्नागिरीची ओळख अपुरी राहते. टिळकांचे जन्मस्थान तासाभरात पाहून होते. रत्नदुर्गावर संध्याकाळी जावे. गणपतीपुळ्याला मात्र आरे-वारे मार्गेच जावे; हा किनाऱ्यालगतचा रस्ता देवळाइतकाच (आमच्या मते किंचित अधिकच) पाहण्याजोगा आहे, पण एकटे असताना तेथील समुद्रात उतरू नये.