चार ट्रान्झिस्टरचा एक्सॉर आणि शून्य दिसणारी पॉवर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बारा ट्रान्झिस्टरचा एक्सॉर (दोन इनपुट वेगळे असतील तरच १ देणारा लॉजिक गेट) तू चार ट्रान्झिस्टरांत बसवलास आणि सिम्युलेशनमध्ये पॉवर जवळजवळ शून्य आली. हा आकडा अहवालात जाण्याआधी सर्किट पुन्हा नीट बघ. वर दोन पीमॉस (गेट या टोकाला ० मिळालं की चालू होणारे ट्रान्झिस्टर) आहेत: एकाच्या गेटला इनपुट ए, सोर्सला इनपुट बी आणि दुसऱ्याचं नेमकं उलट. खाली ग्राउंडपर्यंत एकापाठोपाठ दोन एनमॉस (गेटला १ मिळालं की चालू होणारे). या लॉजिक गेटच्या करंटच्या वाटेत व्हीडीडीची, म्हणजे सप्लायची, तारच नाही. मग व्हीडीडीचा करंट मोजून दुसरं काय मिळणार? आउटपुट चार्ज करणारी सगळी ऊर्जा इनपुटांतून येते, आणि इनपुटाला तू आदर्श व्होल्टेज सोर्स जोडले आहेस. ते मागेल तेवढा करंट देतात.

म्हणून आधी टेस्टबेंच (मोजणीची जोडणी) बदल. प्रत्येक इनपुटामागे दोन इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे गेट) लाव, त्यांना वेगळा सप्लाय दे आणि त्या सप्लायची ऊर्जा हिशेबात धर. आउटपुटाला चार इन्व्हर्टरचा लोड दे. बारा ट्रान्झिस्टरचा गेटही याच बेंचवर मोज, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

आता खरं दुखणं. ए आणि बी दोन्ही ० असताना आउटपुट ओढून खाली आणायचं काम पीमॉसवर येतं, आणि पीमॉस १ चांगला पोहोचवतो, ० अर्धवट. आउटपुट थ्रेशोल्डइतक्या, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणाऱ्या किमान, व्होल्टेजवर अडकतं. १८० नॅनोमीटर, १.८ व्होल्टच्या प्रक्रियेत पीमॉसचा थ्रेशोल्ड साधारण ०.४५ व्होल्ट धर. पण एन-वेल (पीमॉस ज्यात बसतो तो सिलिकॉनचा भाग) १.८ व्होल्टला आणि सोर्स खाली, या फरकामुळे, म्हणजे बॉडी इफेक्टने, तो ०.६५ च्या आसपास जातो. पुढच्या इन्व्हर्टरच्या एनमॉसला एवढं पुरतं. तो बंद होत नाही, पीमॉस तर पूर्ण चालू असतोच, आणि व्हीडीडीपासून ग्राउंडपर्यंत करंट सतत वाहत राहतो.

हिशेब कर. १० फेम्टोफॅरड नोड, १.८ व्होल्ट, म्हणजे एका चार्जिंगला सुमारे ३२ फेम्टोज्यूल. १०० मेगाहर्ट्झला दर दहा क्लॉकमागे एकदा नोड चार्ज झाला तर ०.३२ मायक्रोवॅट. इन्व्हर्टरमधून सतत वाहणारा करंट ५ मायक्रोअँपिअर आणि ही स्थिती एक चतुर्थांश वेळ धरली, तर २.२५ मायक्रोवॅट. ट्रान्झिस्टर वाचवले आणि चार्जिंगच्या सात पट पॉवर वाया गेली!

हा दोष सहज लपतो. ११ (दोन्ही इनपुट १) वरून थेट ०० ला गेलीस तर आउटपुट आधीपासूनच ० असतं, काही दिसत नाही. ०१ किंवा १० वरून ०० ला आलीस की दिसतो. म्हणून चार स्थितींमधली बाराही संक्रमणं चालव, आणि प्रत्येक स्थितीत निदान १० नॅनोसेकंद थांब.

उपाय तीन ट्रान्झिस्टरचा आहे. आउटपुटाला इन्व्हर्टर जोड, त्याच्या आउटपुटाने एक एनमॉस चालव आणि तो एनमॉस मूळ आउटपुटाला ग्राउंडकडे ओढू दे. सात ट्रान्झिस्टर झाले, पण एक्सॉर आणि त्याचा उलटा एक्सनॉर दोन्ही मिळाले. मला हा सौदा चांगला वाटतो. मात्र हा कीपर (आउटपुट धरून ठेवणारा एनमॉस) दुबळा ठेव: किमान रुंदी, लांबी दुप्पट-तिप्पट. तो जोरदार झाला तर आउटपुट ० वरून १ ला जाताना पीमॉसशी झगडतो आणि गेट मंद होतो, कधी अडकूनच बसतो. टीटी कॉर्नरवर, म्हणजे दोन्ही प्रकारचे ट्रान्झिस्टर सरासरी वेगाचे धरून, हे कळत नाही. एफएस कॉर्नर, म्हणजे जलद एनमॉस आणि मंद पीमॉस, हाच इथे वाईट. तिथे १.६२ व्होल्टला आणि उणे ४० अंशांना नक्की तपास.

सप्लाय कमी करायचा विचार असेल तर आणखी सावध. व्होल्टेज १.८ वरून १.२ केलं की डायनॅमिक (चार्जिंगची) पॉवर ५६ टक्के घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. बारा ट्रान्झिस्टरचा गेट एवढ्यावर मुकाट चालतो. चारांचा गेट तिथे डळमळतो, कारण थ्रेशोल्ड काही सप्लायबरोबर खाली येत नाही. झिमरमन आणि फिख्टनर यांनी १९९७ मध्ये केलेल्या लॉजिक शैलींच्या तुलनेतही बहुतेक गेट्ससाठी पूरक सीमॉसच (बारा ट्रान्झिस्टरच्या गेटची शैली) सरस ठरलं होतं.

दहा ट्रान्झिस्टरच्या फुल ॲडरचा (तीन बिटांची बेरीज करणाऱ्या सर्किटचा) मोह होईल. एका पास ट्रान्झिस्टरचं (सिग्नल नुसता पुढे पोहोचवणाऱ्याचं) आउटपुट दुसऱ्याच्या सोर्सला गेलं तर थ्रेशोल्डची घट एकदाच होते. ते त्याच्या गेटला गेलं तर दोनदा. स्केचवर प्रत्येक जोडणीला हीच खूण करत जा.

लेआउटमध्ये बचत आणखी आटते. चारांच्या गेटलाही एन-वेल बांधायला व्हीडीडी लागतोच, आणि इनपुट डिफ्युजनला (सोर्स-ड्रेनच्या भागाला) जात असल्याने शेजारच्या ट्रान्झिस्टरशी डिफ्युजन वाटून घेणं कठीण जातं. एक्स्ट्रॅक्शननंतरची (लेआउटमधली कपॅसिटन्स धरून आलेली) पॉवरच अहवालात लिही.

आधी बारा संक्रमणांचा बारा ओळींचा तक्ता पाठव. लेआउट त्यानंतर सुरू करू.

तुझा मार्गदर्शक