कोरोनाकाळात महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाने मोबाइलवर वंदना म्हणण्यापलीकडे काही केलं का?

प्रश्नातला खोचकपणा झोंबला, म्हणून लिहितोय.

१४ एप्रिल २०२०. सकाळी दहाला टीव्हीवर पंतप्रधान लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढवत होते आणि आमच्या वस्तीत घरोघरी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागली होती. मिरवणूक नाही, विहाराला कुलूप. डीजेचा इसार मात्र मार्चमध्येच गेलेला. उरलेल्या वर्गणीवरून खजिनदार मामांशी फोनवर जुंपली. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी दणक्यात करू, राहू दे पैसा." मी म्हटलं, मामा, पलीकडच्या बांधकामावरची बिहारी पोरं कोऱ्या चहावर झोपतायत. मामा ऐकेनात. शेवटी महिला मंडळाच्या आक्कांनीच निकाल लावला: "वर्गणी दारोदार फिरून आम्ही गोळा केली, काय करायचं ते आम्ही सांगू."

दुसऱ्या दिवशी किराणावाल्याचा वजनकाटा विहाराच्या ओट्यावर आला. तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, तिखट. नावं जयंतीच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली. आडनाव कुणालाच विचारलं नाही, आमच्याकडे ते का विचारतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक काका रतन सुत्त (संकटात म्हणायचं पाली सूत्र) म्हणून गल्लीत पाणी शिंपडू म्हणत होते. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई आली तेव्हा बुद्धांचा शिष्य आनंद याने तसं केल्याची कथा आहे. सुत्त जरूर म्हणा, धीर येतो. पण आजाराचं म्हणाल तर मला विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, दुसरी गोष्ट जवळची वाटते: हगवणीने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदाने स्वतः धुतलं, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असं संघाला सांगितलं.

बाकी तुम्हाला माहीत असेलच. त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा सोहळा रद्द झाला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला न येता लोकांनी घरूनच अभिवादन केलं. ज्यांना आमची गर्दीच तेवढी दिसते, त्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

सगळीकडे असंच झालं असा माझा दावा नाही, मी आमच्या वस्तीपुरतं बोलतोय. आणि तुमच्या मंडळात बोलायची संधी असेल तर इसार द्यायच्या आधीच बोला, नंतर कुणी ऐकत नाही. आमच्याकडे यंदा पुन्हा डीजे ठरलाय. मी वर्गणी दिली, पण पावतीवर 'फक्त अभ्यासिकेसाठी' असं मामांच्याच हाताने लिहून घेतलं.