बीसीबीए फील्डवर्कमध्ये सुपरव्हिजन निकृष्ट आहे हे कसे ओळखावे?

बीसीबीए म्हणजे वर्तन-विश्लेषकाचे (बिहेवियर अ‍ॅनालिस्ट) प्रमाणपत्र, आणि फील्डवर्क म्हणजे त्यासाठी सुपरवायझरच्या देखरेखीखाली भरायचे प्रत्यक्ष कामाचे तास. प्रश्न अमेरिकेतल्या प्रशिक्षणाचा आहे, म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या 2022 च्या नियमांनुसार सांगतो. आधी आकडे तपासा. 2000 तासांच्या नेहमीच्या प्रकारात दर महिन्याच्या तासांपैकी किमान 5% सुपरव्हिजन आणि किमान 4 भेटी लागतात. त्यातली गटातली वेळ निम्म्याहून जास्त चालत नाही. म्हणजे महिन्यात 100 तास भरले, तर 5 तास सुपरव्हिजन हवे, आणि त्यातले निदान अडीच तास फक्त तुमच्यासाठी. शिवाय महिन्यातून एकदा तरी सुपरवायझरने तुम्हाला क्लायंटसोबत (उदा. थेरपी घेणाऱ्या मुलासोबत) काम करताना पाहिले पाहिजे.

पण आकडे बरोबर असूनही शिकणे शून्य असू शकते, आणि खरे नुकसान तिथेच होते. भेटीत फक्त वेळापत्रक, रजा आणि बिलिंग यांचीच चर्चा होते का? 'छान चाललंय' यापलीकडे अभिप्राय नाही? चांगला सुपरवायझर कौशल्य आधी स्वतः करून दाखवतो, तुमच्याकडून करून घेतो, नेमके काय चुकले ते सांगतो.

सर्वांत सामान्य फसगत म्हणजे सगळे तास थेट थेरपीत जाणे. एकूण तासांपैकी किमान 60% मूल्यमापन, आलेख, योजना लिहिणे, पालकांना शिकवणे अशा कामांचे लागतात. क्लिनिकला मात्र तुम्ही थेरपीत हवे असता. हे प्रमाण पहिल्या महिन्यापासून मोजा, शेवटी भरून काढणे फार जड जाते.

त्या महिन्याच्या तासांच्या मासिक फॉर्मवर पुढच्या महिनाअखेरपर्यंत सुपरवायझरची सही लागते. ती सतत लांबत असेल, तर लेखी विचारा आणि लगेच दुसरा सुपरवायझर शोधायला लागा.